चिंधीआत्याची चढेल

"आवो पावनं, ही चढेल हाय, चढेल! नाक वर हाय तिचं! एक ओळ खाली धरा, नाय तर छर्रा जाईल वर आनि फुगा हसंल तुमाला!"

ही हाक नीट द्यायची तर "आवो" नाकातून काढावं लागतं, "चढेल"वर घसा खरवडावा लागतो, आणि "हसंल तुमाला" म्हणून झाल्यावर खालचा ओठ पुढे काढून गिऱ्हाइकाकडे तसंच बघत राहावं लागतं. आमच्या गावातल्या प्रत्येक पोराने ती कधी ना कधी देऊन पाहिली आहे. मला जवळजवळ जमते. ओठ कमी पडतो.

हाकेची खरी मालकीण चिंधीआत्या. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कुठेही जत्रा असली की देवळाजवळ एक लाकडी बोर्ड उभा असतो, त्यावर ओळीने फुगे, समोर टेबल, टेबलावर तीन बंदुका आणि टेबलामागे ही बाई. अंगाने बारकी, आवाजाने टेंपोएवढी. तिचा बाप हिरू बैलगाडीतून हा स्टॉल न्यायचा. आत्याचं लग्न झालं, ती कळंबला नांदायला गेली आणि थोड्याच दिवसांत नवऱ्यालाच घेऊन माहेरी परत आली. "बापाचा बोर्ड कोन लावनार? आनि ह्याचा दम चांगला हाय, फुगं फुगवील," असं तिने सासूला सांगितलं म्हणतात. तेव्हापासून गजाकाका फुगे फुगवतात. तोंडात कायम फुगा, म्हणून बोलणं कमी. गावची लेक गावातच राहिली, म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचीच ती आत्या. माझी आजीसुद्धा तिला आत्या म्हणते, आणि आजी तिच्याहून मोठी आहे.

बंदुकांना नावं आहेत. थोरली, मधली आणि चढेल. तिन्ही हवेच्या. नळी बिजागरीतून खाली दुमडायची, तिच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा आणि नळी वर आणून खट्कन बंद करायची. दुमडताना आतली स्प्रिंग ताणली जाते, चाप ओढला की ती सुटते आणि हवा छर्र्याला ढकलते. नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेम धरायचा बारकासा उंचवटा, मागे खाच. माशी खाचेत बसली आणि फुगा माशीवर बसला की ओढायचा चाप. नळी सरळ असली तर फुगा गेलाच.

चढेलची नळी सरळ नव्हती. आत्या परकर-पोलक्यात होती तेव्हाची गोष्ट. नव्या नवरीला घेऊन जत्रेला आलेल्या एका गड्याने, नळी दुमडलेली असतानाच, ऐटीत चाप ओढला. ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली, नळी फाडकन वर येऊन आपटली आणि बुडाजवळ कायमची वर वाकली. तेव्हापासून ती बंदूक नेमाने एक ओळ वर मारायची. खाच कितीही खाली करा, एक ओळ वरच.

"कोण होता गं तो?" असं आत्याला कुणीही विचारलं तरी ठरलेलं उत्तर. "बायकू शेजारी व्हती त्याची. नव्या बायकूसमोर फजिती झाली, बास झालं की. आजून गावासमोर कशाला?"

आता कुणाला वाटेल, वाकडी बंदूक ठेवून ही बाई लोकांना फसवत होती. अजिबात नाही. ती तर घसा फोडून सांगायची की ही वर मारते, खाली धरा. गंमत अशी की बाहेरच्या माणसाला तेच खोटं वाटायचं. स्टॉलवाली सांगतेय खाली धर, म्हणजे नक्की वर धरायचं असणार! मग तो वर धरायचा आणि छर्रा बोर्डावरून मागच्या ताडपत्रीत. गावातल्यांना मात्र लहानपणापासून चढेलच हवी. थोरलीने फुगा फोडला तर कुणी विचारायचं नाही. चढेलने फोडला तर पोरगं शहाणं झालं.

आणि जावई! गावच्या मुलीचं लग्न झालं की नवरा-बायकोची पहिली जत्रा आमच्याकडे. मेहुणे जावयाला मानाने आत्याच्या टेबलापाशी आणतात, हातात चढेल देतात आणि आत्याला डोळा घालतात. त्या एका वेळी आत्या हाक देत नाही. जावई नेम धरतो, चुकतो, परत धरतो, परत चुकतो, कोटाची बटणं काढतो, चष्मा पुसतो, आणि मागे सगळ्या मेव्हण्या पदरात तोंड घालून. शेवटी आत्याच त्याच्या कानात सांगते, "जावईबापू, एक ओळ खाली." मग फुगा फुटतो आणि जावई गावाचा होतो.

असं सगळं छान चाललेलं असताना गेल्या वर्षी पलीकडच्या एका जत्रेत मुंबईचा कोणी पोरगा आला. गॉगल, पाठीवर बॅग, हातात मोबाईल. त्याने चढेल घेतली, चुकला, नळीला डोळा लावून बघितलं आणि रील टाकला. 'गावच्या जत्रेतला स्कॅम! नळीच वाकडी!' रीलमध्ये मागे आत्या दिसते. तोंड उघडं, ओठ पुढे, हाक देतेय. पण आवाज नाही. वर गाणं चढवलेलं. आत्या जे ओरडून सांगत होती तेवढंच नेमकं गायब.

तो रील फिरत फिरत आमच्या जत्रा कमिटीच्या ग्रुपवर आला. कमिटीचा सेक्रेटरी रूपेशदादा, जयवंताकाकांचा मुलगा. खालापूरला नोकरी, शर्ट कायम इस्त्रीचा, माणूस मनाने चांगला. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी "म्हणजे कसंय" लावतो आणि मग आपण वाट बघायची. आमचं मागचं दार आत्याच्या अंगणात उघडतं, त्यामुळे तो आला ते मला सगळं ऐकू आलं.

"म्हणजे कसंय आत्या, आपल्या जत्रेची एक इमेज आहे."

"कुनाची?"

"जत्रेची."

"देवीला इचारलंस?"

"आत्या, चेष्टा नको. म्हणजे कसंय, लोक म्हणतात बंदुका वाकड्या. पायऱ्यांसमोरची जागा ही मोक्याची जागा. तिथं फसवणूक चालू आहे असं दिसलं तर..."

"फसवनूक?" आत्याचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की घाबरायचं. "मी आवाज देते त्यो आयकलास ना रं ल्हानपनी? का गाना लावून आयकलास?"

रूपेशदादा जरा ओशाळला, पण मागे हटला नाही. कमिटीत ठरलं होतं. बंदुका सरळ असतील तरच जागा, नाही तर ती जंपिंगवाल्याला, तो जाळ्यावर पोरांना उड्या मारायला लावतो त्याला. "तुम्ही असं करा ना आत्या, ती एक घरी ठेवा. दोन आणा. विषयच संपला."

"घरी ठिवली म्हंजे कबूल केलं ना, का आत्या चोर हाय? बापाची जागा हाय ती. तिन्ही आनीन. तिन्ही सरळ. कमिटीनं मारून बगायचं, सगळ्या गावासमोर."

"आणि नाही निघाली सरळ तर?"

"तर जागा दे त्या जंपिंगवाल्याला. मी पन येईन उड्या मारायला."

तो गेल्यावर ती ओट्यावर बसली. गजाकाकांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग तिने चढेल आणली, मांडीवर घेतली आणि बोलायला लागली. बंदुकीशी. "लय वर्सं नाक वर करून हिंडलीस गं बाये. माजा बाप गेला, तुजं नाक काय उतरलं नाय. आता उतरायला लागंल. आपली अब्रू गेली."

दुसऱ्या सकाळी अंगणात गोधडी अंथरून काम सुरू झालं. मला वाटलं, आता ही नळी कशात तरी अडकवून वाकवणार. तिने नळीकडे बघितलंही नाही. बूड मांडीत दाबलं, नळी दोन बोटांत धरली आणि डावी-उजवीकडे हलवली.

"बग, दात हालतोय."

बिजागरीचा बोल्ट झिजला होता, दोन्ही बाजूंच्या चकत्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कातरून तिने नव्या चकत्या केल्या, बसवल्या, काढल्या, घासल्या, परत बसवल्या. बोल्ट किती आवळायचा याचंही तिचं माप आहे. नळी उघडून सोडली तर धपकन पडायला नको, आणि लोटली तर अडायला नको. "नव्या सूनंनं सकाळी दार लोटावं, तशी लोटली पायजे." मग पतंगाचा कागद घेतला, नळी बंद करताना फटीत धरला आणि ओढून बघितला. वरच्या बाजूला कागद घट्ट अडकायचा, खालच्या बाजूला सुळकन निघायचा. म्हणजे नळी बंद झाल्यावरही तोंड जरा उघडंच राहत होतं. तिथला चामड्याचा वायसर बदलला. कागद परत ओढला. आता चारी बाजूंनी सारखा अडकला.

मला राहवेना. "आत्या, वाकलीय नळी, आणि तू बिजागरीत काय खेळतेस?"

"टेबल डुगडुगतं म्हनून पाय कापायला बसलीस, आनि खालची जमीनच वाकडी असली तर? कापत बस मंग. शेवटी पाट व्हईल त्याचा."

मग आली नळी. दाराच्या चौकटीत तिने आडवा काळा दोरा ताणून बांधला, मागे मोकळं आभाळ. नळीच्या मागच्या तोंडाला डोळा लावून दोऱ्याकडे बघायचं. मला बघायला दिलं तेव्हा पहिल्यांदा फक्त माझीच पापणी दिसली. "डोळा घाल म्हनलं, मुंडकं नको," आत्या ओरडली. मग दिसलं. आत उजेडाची कडी होती, एकात एक, हात भरून चुडा घातल्यासारखी. जवळच्या बांगड्या गोल, नीट. पण बुडापासून थोडं पुढे सगळा चुडा एका बाजूला घसरलेला, आणि दोऱ्याची सावली तिथे मोडलेली.

"बांगड्या एकात एक बसल्या का नळी सरळ," ती म्हणाली. "बाकी समदं बोलनं."

बाक नेमका कुठे आहे ते तिने आरशाच्या काचेवर नळी टेकवून, फिरवून, फटीतून उजेड बघून शोधलं आणि तिथे खडूची रेघ मारली. गोठ्यामागे आंब्याचं एक जुनं बेचकं आहे, त्यात फाटक्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, नळीलाही गुंडाळल्या. नळी बेचक्यात अडकवली, पाय खोडाला लावला आणि आपलं सगळं चिमणीएवढं वजन टाकून ओढलं. काहीच झालं नाही. परत ओढलं. नळी लवली आणि सोडल्यावर होती तशी परत आली.

"पोलाद घरच्या मानसासारकं हाय," ती धापा टाकत म्हणाली. "पायजे त्याच्याहून जरा जास्ती सांगायला लागतं, तवा तेवडं आयकतं. पन लय जास्ती सांगितलं का चुनी पडते. मंग भंगार."

म्हणून एक ओढ, आणि दारापर्यंत जाऊन बांगड्या बघायच्या. परत आंबा. परत दार. ती आंबा आणि दार यांच्यामध्ये इतक्या वेळा गेली की अंगणात वाट पडली. संध्याकाळ झाली की थांबायची. "आता दोरा खोटं दाखवनार." गावातले येता-जाता टोमणे मारायचे. पोपट वडापाववाला रोज गाडी थांबवून विचारायचा, "आत्या, झाडाला बंदुका लागल्या का?" आत्या न वळता म्हणायची, "लागल्या. पाडाला आल्या का तुज्यापासून सुरवात करते."

एका सकाळी ती दारात नळीला डोळा लावून उभी राहिली ती हललीच नाही. मग मला बोलावलं. मी बघितलं. चुडा एकात एक, अगदी टोकापर्यंत, आणि शेवटी छोट्या टिकलीएवढं आभाळ.

नेम बघायची तिची पद्धत तिच्या बापाची. हातात धरून कधीच मारायची नाही. "हात खोटं बोलतो," ती म्हणते. तांदळाची दोन पोती, त्यावर बंदूक, समोर पुठ्ठा. छर्रा गेला, पुठ्ठ्याला भोक पडलं. दुसरा छर्रा गेला आणि भोक थोडं मोठं झालं. तिसऱ्याला ते तेवढंच राहिलं. गजाकाकांनी तोंडातला फुगा काढला आणि म्हणाले, "झाली." त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच बोलणं.

जत्रेच्या आदल्या रविवारी देवळासमोर बोर्ड लागला. अख्खं गाव. रूपेशदादाने आधी थोरली मारली, मग मधली. दोन्ही ठीक. मग चढेल उचलली.

"पोत्यावर ठिव," आत्या म्हणाली.

"म्हणजे कसंय आत्या, गिऱ्हाईक काय पोतं घेऊन येतं? मी उभ्यानेच मारणार." आणि मोठ्याने जाहीर केलं, "वरून तिसरी ओळ, पिवळा!"

फट्. चौथ्या ओळीतला हिरवा फुटला.

"परत. तिसरी ओळ, लाल!"

चौथ्या ओळीतला निळा.

लोक कुजबुजायला लागले. कमिटीच्या विकासने बंदूक घेतली. दुसरी ओळ सांगितली, तिसरीतला फोडला. मग स्वतः जयवंताकाका पुढे आले, अंगातली कोपरी सावरत, आणि त्यांनीही सांगितलेल्या फुग्याच्या बरोबर खालचा उडवला. पोपट ओरडला, "आत्या, आता हिला चढेल नको, पडेल म्हण!"

सगळे हसले. रूपेशदादा हसला नाही. "आत्या, तुम्ही उलटी वाकवली. आधी वर मारायची, आता खाली मारते. म्हणजे कसंय..."

आता चिंधीआत्या भांडणार असं मला वाटलं. मी तिला जन्मापासून ओळखते. ती झोपेत बोलते, नळाखाली भांडी घासताना बोलते, म्हशीशी भांडते. त्या दिवशी तिने नुसता हात पुढे केला. बंदूक घेतली, नळी दुमडली, आभाळाकडे धरून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा मला दिसत होता. बांगड्या एकात एकच होत्या, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि तरी चार फुगे तिच्या डोळ्यांदेखत खोटे पाडून गेले होते. देवळाच्या पायरीवर जंपिंगवाला येऊन बसला होता. तो पायांनी जागा मोजत होता.

तिने बंदूक रूपेशदादाच्या हातात परत दिली. "मारू नको. नुसतं धर. पिवळ्यावर."

त्याने धरली. आत्या त्याच्या मागे उकिडवी बसली, मग बाजूला गेली, मग परत मागे आली, मान वाकडी करून.

"माशी कुटं हाय तुजी?"

"पिवळ्यावर."

"नक्की?"

"देवीशप्पथ!"

"हलू नको." तिने मंडपाचा एक सरळ बांबू ओढला, त्याचं बूड नळीवर टेकवलं आणि नळीच्या रेषेत पुढे बोर्डापर्यंत नेला. बांबूचं टोक जाऊन टेकलं चौथ्या ओळीवर. पिवळ्याच्या बरोबर खाली, फुटलेल्या हिरव्याच्या जागी.

"बग. तू सांगतोस पिवळा आनि धरतोस त्याच्या खाली. आरं रूपेश, तू चड्डीत व्हतास तवापासून चढेल मारतोस. तुजा हात आपोआप एक ओळ खाली जातो. इकासचा पन. तुज्या बापाचा पन. बंदूक सरळ झाली, तुमी अजून जुन्या चढेलवरच हाव!"

रूपेशदादाने बांबूकडे बघितलं, माशीकडे बघितलं, डोळा चोळला. "मी तर पिवळ्यावरच..." मग जरा सावरून, "पण आत्या, बांबू तुमचा, धरला तुम्ही. कमिटीला फुगा दाखवा."

"दाखवते. पन मानूस असं पायजे का त्यानं चढेल कदी धरलीच नाय."

इथे पंचाईत झाली. आत्याने गर्दीवर नजर फिरवली आणि ज्याच्यावर नजर पडेल तो मान हलवायचा. पोरं? धरलेली. बायका? लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत धरलेली. पुजारी घंटा पुसायला लागले. अख्ख्या गावात सरळ हाताचं माणूस सापडेना!

तेव्हा गजाकाकांनी तोंडातला फुगा काढला. "विहीनबाई."

हर्षलावहिनीची आई, म्हणजे रूपेशदादाची सासू, विनिताताई. साताऱ्याकडच्या, लेकीकडे आठवड्यासाठी आलेल्या, मंडपाच्या सावलीत खुर्चीवर बसून भेळ खात होत्या.

"अगं बया! मला नगं. मी जन्मात बंदूक धरली न्हाई."

"तवाच तर तुमी पायजेत," आत्या म्हणाली आणि भेळेचा कागद त्यांच्या हातातून काढून रूपेशदादाच्या हातात दिला. जावई भेळ धरून उभा, सासू बंदूक धरून. हे दृश्य मला फ्रेम करून हवं आहे.

"कोपर टेबलावर टेकवा. गाल लाकडाला लावा, नवीन उशी समजा. ती खाच दिसते? तिच्यात ती बारकी माशी बसवा. बसली? आता माशीवर पिवळा फुगा बसवा. आनि चाप वढू नका, दाबा. लोन्याचा गोळा दाबता तसा."

फट्. छर्रा थेट ताडपत्रीत.

"विहीनबाई, डोळं मिटलं तुमी."

"भ्या वाटतंय हो!"

"एक मिटा. दोन्ही नको."

दुसऱ्या वेळी पिवळा फुटला. वरून तिसरी ओळ, पिवळा. गर्दीतून "ओ!" असा आवाज गेला. "आता लाल सांगा," आत्या म्हणाली. विनिताताईंनी लाल सांगितला, लाल गेला. मग त्यांना कुणी सांगायची गरज उरली नाही. "त्यो जांभळा!" जांभळा गेला. "कोपऱ्यातला पांढरा बघते थांबा!" पांढरा गेला. "आजून छर्रं हायत का?" गजाकाकांचा चेहरा पडत चालला, ते फुगे त्यांनी सकाळपासून फुगवलेले.

रूपेशदादाने घसा साफ केला. "म्हणजे कसंय..." आम्ही वाट बघितली. पुढे काही आलंच नाही. त्याने भेळ सासूबाईंना परत दिली आणि आत्याच्या पाया पडला. जंपिंगवाला पायरीवरून उठून पार्किंगकडे गेला.

रूपेशदादाने त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली, म्हणून मी त्याला माफ केलं. सासूबाईंचा व्हिडिओ काढलेला होता, तो टाकला, आणि त्यावर गाणं घातलं नाही. त्यात आत्याचा आवाज ऐकू येतो. "एक मिटा, दोन्ही नको," अगदी स्पष्ट.

जत्रेत आत्या पायऱ्यांसमोर होती. हिरूची जागा. टेबलावर कमिटीने पाटी लावली होती: सर्व बंदुका तपासलेल्या आहेत. आत्याने हाकही बदलली. "चढेल सरळ झाली रं! समोर धरा, समोर!" आणि तिच्या नशिबाने याही वेळी कुणी विश्वास ठेवला नाही. गावातली पोरं दिवसभर एक ओळ खालचेच फुगे फोडत राहिली आणि "आत्या, खाली मारते गं" म्हणून भांडत राहिली. पोपटने गाडी बंद ठेवून तासभर नेम धरला. वडे गार झाले.

सगळ्यात मजा आली जावयाची. अपेक्षाताईचा नवरा जगदीश, पहिलीच जत्रा. मेहुण्यांनी सवयीने मानाने आणला, सवयीने चढेल हातात दिली, सवयीने आत्याला डोळा घातला. आत्याने साडीचा काठ चावला. जगदीशभाऊंनी शांतपणे धरली आणि सांगितला तो फोडला. परत धरली, परत फोडला. मग म्हणाले, "आता तुम्ही दाखवा ना." एकेक मेहुणा आला, एकेक चुकला. मेव्हण्यांना हसायचं कुणाला ते कळेना, म्हणून त्या भावांना हसल्या.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर जयवंताकाका आले. बरोबर त्यांची बायको, सोनुकाकी. काकांनी चढेल उचलली, बराच वेळ नळीवरून हात फिरवला.

"चिंधे," ते म्हणाले, "ती मी वाकवली व्हती गं. आमचं लगीन झालं त्या साली."

"म्हाईत हाय. मी शेजारीच व्हते, छर्रं देत."

"मंग मला कळलं नाय व्हय?" सोनुकाकी म्हणाल्या. "घरी येऊन सांगत व्हते, बंदूकच हलकी व्हती."

आत्याने नळी दुमडली, छर्रा बसवला, खट्कन बंद केली. दार लोटल्यासारखी. "मार. पन खाली नको धरू, जयवंता. सरळ हाय आता."

"किती वर्सांचा हात हाय गं. आयकंल का?"

"मी पोलाद आयकायला लावलं. मार."

काकांनी धरली. आत्या त्यांच्या मागे उकिडवी बसली, एक डोळा मिटून, आणि एका बोटाने नळी खालून हळूच उचलली. केसाएवढी.

"आता," ती म्हणाली.